इंजिनाखालचा पाना

"बारीक पाना मांगतला तं हा मोठा देते," इंजिनाखाली उताणा पडलेला गुलाब कुरकुरला. "एखाद्या वक्ती तरी बरोबर हत्यार द्यावं का नाई माणसानं?"

चाक पुसत बसलेल्या देवकाचा हात थांबला. इंजिनापाशी तिच्याशिवाय कोणी नव्हतं. अण्णाजी आणि रूपराव पार पलीकडे, कडुनिंबाखाली बशीत चहा ओतून फुंकत होते. आणि तिनं तर काही कोणाला दिलं नव्हतं.

"कोन पाना देऊन राह्यलं रे गुलाब?" तिनं वाकून विचारलं.

खाली काही हललं नाही. मग गुलाब घाईघाईनं सरपटत बाहेर आला. हातात मोठा पाना. त्यानं कडुनिंबाकडे पाहिलं, देवकाकडे पाहिलं आणि तापलेलं भांडं ठेवावं तसा तो पाना गिट्टीवर ठेवला.

"मीच नेलता वाटते," तो म्हणाला. "उनानं काई समजत नाई."

देवकानं फडकं पुन्हा चाकावर फिरवलं. तिचा नवरा, श्रावण, घरी मीठ मागितलं तर साखरेचा डबा पुढं करायचा, आणि वर म्हणायचा, पांढरंच तं हाय. ते आठवून तिला हसू आलं. मग हसू आलं याचीच भीती वाटली.

हे बुटकं डिझेल इंजिन हिंगणघाटच्या या कापसाच्या जिनच्या मालकांनी दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेलं. कापसाच्या गाठींचे डबे मोठ्या लाइनीपर्यंत ढकलत न्यायचं. श्रावण त्याच्या चाकाखाली गेला, तेव्हापासून ते सायडिंगवर, बाजूच्या रुळावर, उभंच होतं. ब्रेक सरकला, असं सगळे म्हणाले. देवकालाही तेच सांगितलं. त्यानंतर तिच्यासमोर कोणी श्रावणचं नावसुद्धा घेत नव्हतं. 'ते झालं तवा' एवढंच म्हणायचे, आणि विषय कपाशीवर न्यायचे.

आता मालकांनी सांगितलं होतं, दसऱ्याच्या पूजेला हे आपल्या पायानं फाटकापर्यंत आलं तर तिथंच जपून ठेवू, पोरंसोरं पाहतील. नाही तर नागपूरचा भंगारवाला कापून नेईल. म्हणून ही तिघं जुनी माणसं रविवार आला की बिनपगारी त्याच्याशी झटत होती. देवकाही यायची. तिनं येऊ नये असं तिघांनाही वाटे, पण तसं म्हणायची छाती कोणाचीच नव्हती. इंजिन कापून नेलं की तो दिवसही त्याच्याबरोबर जाणार, मग विचारायचं कोणाला, या एका धसक्यानं ती येत होती. विचारलं मात्र अजून नव्हतं.

"चाल, पाहू लावून," चहा संपवून आलेले अण्णाजी इंजिनावर चढले. श्रावण गेला त्या दिवशीही वर तेच होते.

सुरू करण्याआधीचा नेम जुना होता. खाली हात घातलेल्या प्रत्येकानं बाहेर यायचं आणि आपलं नाव आपण पुकारायचं. सगळी नावं कानावर पडल्याशिवाय अण्णाजी पुढचं काही करू देत नसत. निदान नेम तसा होता.

"रूपराव बाहेर."

"गुलाब बाहेर."

रूपरावनं हँडल मारलं. इंजिन खोकलं, अंगभर थरथरलं आणि गप्प झालं.

"तेल हाय, हवा हाय, सारं हाय," रूपराव घाम पुसत म्हणाला. "काऊन धरत नाई मंग?"

"अजून एकडाव."

पुन्हा नावं झाली. पुन्हा इंजिन खोकलं, आणि गप्प. तिसऱ्यांदा रूपरावनं नाव पुकारलं, गुलाबनं पुकारलं, आणि मग कोणीच काही बोललं नाही. मध्ये जेवढी जागा राहिली, तेवढ्यात आणखी एक नाव सहज मावलं असतं. रूपराव हँडल धरून नुसता उभा राहिला. गुलाब आपल्या तळहाताकडे पाहत होता.

इंजिनाखाली गिट्टी सरकली. पाठीवर पडलेलं माणूस कोपरं टेकून अंग ओढत यावं, तशी. थोडी सरकली, थांबली.

खाली वाकून कोणी पाहिलं नाही. देवका तेवढी चाकाजवळून उठली, पदर आवरला आणि बाजूला झाली. खालून येणाऱ्याला वाट द्यावी तशी.

अण्णाजींनी वरून ते पाहिलं. त्यांचा दांड्यावरचा हात गळून खाली आला.

"श्रावणचं नाव राह्यलं," ते म्हणाले. "त्या दिवशीबी राह्यलं होतं."