सॅल्यूटचा हात

"उजवा हात छातीच्या वर जातच नाही," माजी सैनिकांच्या दवाखान्यात हवालदार डोईफोडे डॉक्टरांना सांगत होते. डाव्या हाताने जेवणं त्यांना पटत नसे, म्हणून अनसूयाबाईच नवऱ्याला घास भरवायच्या. आज मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली की खांद्याचं ऑपरेशन होणार होतं.

तेवढ्यात दवाखान्याचे प्रमुख, निवृत्त कर्नलसाहेब, आत आले. हवालदार ताडकन उठले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"हात तर झकास उठतो की, काका! उगाच नाटकं कशाला?" डॉक्टरांनी चिठ्ठी नाकारली. कळवळलेल्या हवालदारांनी तो हात डाव्या हाताने धरून खाली आणला.

बाहेर बाकावर अनसूयाबाईंनी डबा उघडला. हवालदारांनी सवयीने आ केला. बाईंनी डबा त्यांच्या मांडीवर आदळला.

"बोलवा आता तुमच्या साहेबाला, भरवायला!"