आमच्या घरची

लेकीच्या सासरी आई पहिल्यांदाच जेवायला बसली होती. टेबलाभोवती व्याही, विहीणबाई, जावई आणि त्याचा धाकटा भाऊ. लेक आईच्या शेजारी. जावयाची मोठी बहीण, ताई, तेवढी उभी होती. ती वाढत होती.

"अजून भा... भा... भा..." ताईने डाव आईच्या ताटाकडे नेला.

"भाड्याने?" धाकट्याने विचारलं.

"भांडू या का?" जावई म्हणाला.

"अरे, भाषण करायचंय तिला!" व्याह्यांनी शेवट केला. सगळं टेबल हसलं.

"भात हवाय का, असं विचारतेय ती," विहीणबाईंनी आईला समजावलं. "मनावर घेऊ नका. लहानपणापासूनचं आहे. आम्ही हसण्यावारी नेतो."

आईचा घास तोंडात फिरायला लागला. तिने लेकीकडे पाहिलं. शेजारच्या लंगड्या कुत्र्याला कुणी खडा मारला तरी हिला जेवण जायचं नाही. आता ही गप्प बसणार नाही.

लेकीने पाण्याचा घोट घेतला. तोंड पुसलं. मग मान थोडी तिरपी केली, डोळे घट्ट मिटले, हनुवटी दोनदा वर उडवली आणि म्हणाली, "भा... भा... भा..."

हुबेहूब. तोच गळा, तोच अडकलेला श्वास. शब्द अडला की ओठाच्या कोपऱ्यात जमणारी लाळसुद्धा.

व्याह्यांना ठसका लागला. धाकट्याने टेबलावर थाप मारली.

"सूनबाई, मानलं तुला!" व्याही डोळे पुसत म्हणाले. "आता शोभतेस आमच्या घरची."

लेक लाजली. शाळेत पहिला नंबर आल्यावर लाजायची तशीच.

आणि आईला हसू आलं. छोटंसंच, नाकातून फुटलेलं. तिने पटकन तोंडावर हात धरला. कुणाचं लक्ष नव्हतं.

जेवणं झाल्यावर ती बेसिनपाशी हात धूत होती. मागे ताई टॉवेल घेऊन उभी राहिली.

"म-मावशी..." शब्द अडला. आई ओल्या हातांनी तशीच थांबली. "लग्नानंतर वहिनी दो-दोन महिने ह-हसली नव्हती. सगळे हसले की उठून मा-माझ्यापाशी यायची."

ताईच्या आवाजात राग नव्हता. तिने टॉवेल पुढे केला.

"तुम्ही प-पहिल्याच जेवणाला हसलात."