चार मिनिटांचा वळसा

"आज झोपणार नाहीस?" आईने विचारलं.

मुलगी विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात रात्रपाळी करायची. सकाळी उशिरा घरी यायची, जेवायची आणि दुपारभर झोपायची.

"आज दुपारच्या विमानाने जाऊन येते. एक कोडं सुटत नाहीये."

"कसलं?"

"पलीकडचा विमानतळ इथून दोनशे तीस किलोमीटर. सकाळी विमान बेचाळीस मिनिटांत पोचतं. दुपारी तेच विमान सेहेचाळीस घेतं. वारा धरून पाहिला, वजन धरून पाहिलं, हिशेब जुळत नाही. दुपारी कायम एकच कॅप्टन असतो."

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "चार मिनिटांनी काय आभाळ कोसळतं गं?"

"रोजचं इंधन फुकट जातं. धड कारण नसेल तर त्याची नोकरीसुद्धा जाईल."

आईने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "तुझी झोप बुडेल."

"एका दिवसाने काय होतंय? हल्ली पडल्या पडल्या डोळा लागतो."

"वयाप्रमाणे झोप कमी होते म्हणतात. तुझं उलटंच," आई म्हणाली.

विमानात तिच्या शेजारी जनावरांचे एक डॉक्टर होते. विमानाने जमीन सोडली आणि ती खिडकीला नाक लावून बसली. आता सरळ मार्गावर खाली वस्त्या दिसायला हव्या होत्या. विमान डावीकडे कललं. खाली पाणी चमकलं.

"हे तळं?"

"मी म्हणून तर दुपारचीच फेरी घेतो," डॉक्टर म्हणाले. "सकाळच्या विमानातून नुसती छपरं दिसतात."

तळ्यामागच्या टेकडीला पूर्ण वळसा घालून विमान मार्गावर आलं. तिने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं इथेच गेली होती.

उतरल्यावर ती कॅप्टनसाठी जिन्यापाशी थांबली. "मी ऑफिसातून आले आहे. तळ्यावरून का वळता? खरं कारण सांगा. मला अहवाल द्यायचा आहे."

कॅप्टनने टोपी काढली. "सरळ रेषा एका घराच्या अगदी डोक्यावरून जाते. तिथली मुलगी रात्रपाळी करते. विमानाच्या आवाजाने दुपारी दचकून उठायची, मग डोळ्याला डोळा नाही. एक दिवस तिची आई विमानतळाच्या दारात माझी वाट बघत उभी होती. मला नाही म्हणवेना."

"किती दिवस झाले?"

"सहा महिने होतील. तुम्ही लिहा काय लिहायचं ते. फक्त ही गोष्ट त्या घरापर्यंत जाऊ देऊ नका."

"का?"

"बाईंनी बजावलंय, मुलीला कळता कामा नये. तुमच्याच वेळापत्रक विभागात आहे म्हणे, आणि मिनिटांच्या बाबतीत फार कडक आहे."