वीतभर बाजूला

"दादा, तू फक्त बॉल थांबव, गोल झालाच समज," वेदांग च्युइंगम चघळत कर्णधाराला म्हणाला. पंचांशी हुज्जत घालून पिवळं कार्ड खाल्लेलं आणि पाच मिनिटं बाहेर बसलेलं हे पोरगं आत्ताच मैदानात परतलं होतं, तरी हॉकीच्या या सामन्यातला शेवटचा पेनल्टी कॉर्नर मारायला प्रशिक्षकांनी त्यालाच पुढे केलं.

मागच्या मोसमापर्यंत तो फटका कर्णधाराचा होता. आता त्याने बॉल अडवून द्यायचा आणि टाळ्या या कार्ट्याने घ्यायच्या! आज हा चुकला, तर फटका पुन्हा आपल्याकडे येईल, एवढंच त्याच्या मनात आलं.

मागच्या रेषेवरून ढकललेला बॉल सरपटत आला. कर्णधाराने तो ठरल्या जागेपासून मुद्दाम वीतभर बाजूला थांबवला. वेदांगने धावता धावता पाऊल बदललं, कंबर वळवली आणि गोलकीपर हलायच्या आत गोलची मागची फळी दणाणली.

प्रेक्षकांना वेडावून दाखवत तो धावत आला आणि कर्णधाराच्या गळ्यातच पडला. "मुद्दाम बाजूला थांबवलास ना, त्यांना चकवायला? काय डोकं आहे, दादा! पुढच्या वेळी आधी सांग फक्त!"

"सांगेन," कर्णधार म्हणाला. वेदांगच्या खेळाचा हेवा त्याला रोजच वाटायचा. आज पोरकटपणाचाही वाटला.