सम्राट फरशीवर

खणकन आवाज झाला आणि सार्वजनिक संडासातल्या गप्पा जागच्या जागी थांबल्या. पाववाल्या दामाच्या कमरेतून सोन्याचं नाणं निसटून फरशीवर पडलं होतं. एका बाजूला सम्राटाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला सिंहासनावरची शांतिदेवी. पडलं ते नेमकं मस्तक वर करून.

सम्राटाची छबी संडासात आणणं म्हणजे राजद्रोह, हे रोममध्ये शेंबडं पोरही जाणतं. म्हणून तर बटवे दारवाल्याकडे ठेवून आत यायचं. पण सोनं, आणि त्या चोराच्या हाती? दामाचं मन धजलं नव्हतं.

त्यानं झडप घालून नाणं मुठीत घेतलं. बाकीचे कपडे सावरत भराभर सटकले. साक्षीला कोण थांबतंय! शेजारच्या भोकावरचा लाबेओ तेवढा बसून राहिला. चुगल्यांवर जगणारा माणूस. राजद्रोह्याचं मुंडकं उडालं की त्याच्या इस्टेटीतला चौथा हिस्सा चुगलखोराला मिळतो.

"दामाशेट, भट्टी झकास चालते म्हणे तुमची."

"बाबा रे, हे नाणं तूच घे. पाया पडतो तुझ्या."

"इथं हात लावू? खुळा समजलात का मला?"

"मग खाली टाकतो. जाईल वाहून."

"सम्राटांना? घाणीत?" लाबेओला हसू आवरेना. "टाका की! मी बघतोच आहे." आणि त्यानं मोठ्यानं शिपायांना हाक मारली.

पावलं जवळ आली. दामानं मूठ आवळली. मेलो, आता खरंच मेलो. डोळे मिटून त्यानं नाणं तोंडात टाकलं आणि गिळलं.

शिपायांनी त्याचे कपडे झटकले, मुठी उघडल्या, तोंडात डोकावून पाहिलं. काहीच नाही.

"गिळलंय त्यानं!" लाबेओ ओरडला.

"मग काय पोट फाडू?" शिपाई वैतागला. "बाहेर आलं की हाक मार."

दामा भट्टीवर पोचला, तर लाबेओ मागोमाग आत. दामाच्या बायकोनं पाहुणा समजून पाट मांडावा तसं अगत्यानं बाक पुसलं, ताटात पाव, चीज आणि अंजीर ठेवले. दामानं कशालाच हात लावला नाही. आता जन्मभर उपाशी राहायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

लाबेओनं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"अंजीर घ्या, दामाशेट. पोट साफ होतं."