टिपरू वर केल्याशिवाय

ढोलपथकात दमलेल्याने टिपरू डोक्यावर उंच धरायचं आणि मागच्याने त्याचा ढोल घ्यायचा, ही रीत. शाल्मलीला ती भिकारडी वाटे. पेशींतल्या ऊर्जाघरांच्या दारावर एक राखणदार असतो; स्नायू राबतील तेव्हाच तो कॅल्शियमला आत सोडतो आणि ती पेटतात. शाल्मलीने सुई टोचून तो कायमचा हटवला होता. तेव्हापासून ऊर्जाघरं सदा पेटलेली आणि दमणं माहीतच नाही.

बदलीला उभे असलेले तनपुरेकाका तिच्या कानाशी वाकले. “पोरी, सकाळपासून वाजवते आहेस. दे आता.”

तिने त्यांच्या घामेजल्या सदऱ्याकडे पाहून नाक मुरडलं. “राखणदार सांभाळत बसलेल्यांनी मला शिकवू नये. मी टिपरू वर केल्याशिवाय माझ्या ढोलाला हात लावायचा नाही.”

काका मागे सरले.

पुढच्या चौकात तिचा दंड ओल्या फडक्यासारखा लोंबला. कॅल्शियमने तुडुंब भरलेली ऊर्जाघरं आत फुटत चालली होती. कमरेचा ढोल तिला खाली ओढू लागला. ताशांच्या कडकडाटात तिची हाक विरून गेली. टिपरू मुठीत होतं, पण कमरेच्या वर जाईना.

तिने मान वळवली. काका हात मागे बांधून, तिच्या टिपराकडे बघत, शिस्तीत उभे होते.