आणखी कोणाला?

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आजारासाठी प्रार्थना कोणाला हवी?" गुडघे, मोतीबिंदू, सासऱ्यांचा खोकला, सगळं सांगून झालं. मग आईशेजारी बसलेली एक मुलगी उठू लागली. आईनं तिचा हात घट्ट धरला.

"खाली बस. मनाचं दुखणं इथं कोणी सांगत नाही. विश्वास कमी पडला म्हणतील."

मुलगी तरीही उठली. "मला जगावंसं वाटत नव्हतं. आता समुपदेशक बाईंकडे जातेय. त्यांच्यासाठीही प्रार्थना करा."

पाळक व्यासपीठावरून उतरून तिच्या बाकापाशी आले. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "याच आजारासाठी आणखी कोणाला?"

आईनं हात सोडला. मुलीला वाटलं, आता ही तरातरा बाहेर जाणार.

आई उठली, आणि तिथंच उभी राहिली.